खडकावरची रंगाची खूण

चिपळूणच्या बाजारपेठेत कुणालाही विचारा. २६ जुलै २००५ चं पाणी कुठवर आलं होतं ते भिंतीवर बोट ठेवून दाखवतील, आणि मग हात आणखी वर नेऊन २२ जुलै २०२१ चं. आपल्याकडे खूण पडते ती पाणी घरात शिरल्यावर. आल्प्समध्ये मात्र सव्वाशेहून अधिक वर्षं माणसं काही घडो न घडो, दरसाल हिमनदीसमोरच्या आपल्या खुणेपाशी जाऊन येतात.

रीत साधी. हिमनदीच्या टोकासमोर पक्क्या खडकावर रंगानं खूण करायची, ठरलेल्या दिशेनं बर्फाच्या कडेपर्यंत टेप लावायचा, आकडा वहीत. हे सगळं उन्हाळा सरताना, नवा बर्फ पडायच्या आत. बर्फ फार मागे हटला की त्याच्या जवळचा नवा खडक धरायचा.

स्वित्झर्लंडमध्ये १८८० च्या सुमारास शास्त्रज्ञ फोरेल यांनी हे काम लावून धरलं. मोजायला बरेचदा वनखात्याची माणसं असत. ऑस्ट्रियात १८९१ पासून गिर्यारोहण संघाचे हौशी सभासद बिनपगारी मोजतात, काही घरांत तर बापानंतर मुलगा. आइसलँडमध्ये १९३० च्या दशकात हवामानतज्ज्ञ योन एथोर्सन यांनी हिमनदीच्या कुशीतल्या शेतकऱ्यांनाच हाताशी धरलं.

गंमत म्हणजे तापमानवाढ तेव्हा कुणाच्या ध्यानीमनीही नव्हती. हिमनद्या ठरावीक वर्षांनी पुढे-मागे होतात का, एवढंच फोरेलना हवं होतं. तसं झालंही, १९७०-८० च्या सुमारास आल्प्समधल्या बऱ्याच हिमनद्या पुढे सरकल्या. या वह्या म्हणूनच विश्वासाच्या: त्यांत बर्फ पुढे सरकल्याची, तापमानवाढीच्या गोष्टीला गैरसोयीची वर्षंही आहेत. त्याच वह्यांत ऑस्ट्रियातली सर्वांत मोठी हिमनदी, पास्टर्झे, २०२२-२३ च्या एका वर्षात २०३.५ मीटर मागे गेल्याची नोंद आहे.

हिमालयात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं १९०६ मध्ये मोजणी सुरू केली, गंगोत्री हिमनदीचं टोक १९३५ मध्ये नकाशावर आलं. पण तिथं मोजणी मोहिमेच्या भरवशावर, त्यामुळे मधली कित्येक वर्षं कोरी.

२००० ते २०२३ मध्ये जगातल्या हिमनद्यांनी समुद्र सुमारे १८ मिलिमीटर चढवला. बोटाच्या पेराहून कमी. पेणकडच्या खारबांधांना, म्हणजे खाडीचं पाणी शेतात येऊ न देणाऱ्या बांधांना, उधाणात कुठल्या साली, कुठे खांड गेली, हे म्हातारी माणसं तोंडी सांगतात. वही मात्र मी कुणाकडे पाहिलेली नाही.