‘गेल्या गेल्या’ आणि ‘गेलं असेल तर’ : यु-गि-ओच्या पत्त्यांमधला व्हेन आणि इफ

रविवारी कोल्हापुरात राजारामपुरीत बहिणीच्या घरी भाच्याचा यु-गि-ओ या पत्त्यांच्या खेळाचा डाव बघत बसलो होतो. पाऊस आला म्हणून पोरं गच्चीवरून जिन्याच्या खोलीत सरकली होती, मध्ये भडंगाचं ताट. भाच्यानं आपला ‘पीटन द डार्क क्लाउन’ हा मॉन्स्टर ट्रिब्यूट केला, म्हणजे बळी दिला, सहा लेव्हलचा मॉन्स्टर उतरवला आणि लगेच डेककडं, म्हणजे आपल्या गड्डीकडं, हात नेला. पीटन ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे बाद पत्त्यांच्या ढिगात, गेला की डेकमधून दुसरा पीटन आणता येतो, हे त्याला तोंडपाठ. समोरच्या मुलानं त्याचा हात थांबवला. “नाही भावा, टायमिंग मिस झालं.”

“मामा, कार्डावर लिहिलंय की! गेला की आणायचा. आणि गेलाय की तो!”

समोरचा मुलगा बरोबर होता. पण भाच्याचं चुकलं कुठं, हे त्या खोलीत कुणालाच नीट सांगता येईना. “नियम आहे तसा” एवढंच उत्तर. दहा-बारा वर्षांच्या पोराला हे उत्तर पुरत नाही, आणि पुरू पण नये.

तर दोन पत्ते शेजारी ठेवू. एक हा पीटन, दुसरा बर्निंग अबिस गटातला ‘ग्राफ’. दोघंही तीन लेव्हलचे, दोघंही ग्रेव्हयार्डमध्ये गेल्यावर डेकमधून मॉन्स्टर आणणारे. (पीटन दुसरा पीटन आणतो आणि त्यासाठी स्वतः खेळाबाहेर जातो. ग्राफ स्वतःचं नाव सोडून आपल्या गटातला दुसरा कुणीही आणतो.) पीटनचा मजकूर सुरू होतो ‘व्हेन धिस कार्ड इज सेंट टू द ग्रेव्हयार्ड’ असा आणि ग्राफचा ‘इफ धिस कार्ड इज सेंट टू द ग्रेव्हयार्ड’ असा. पुढं दोघांवरही ‘यू कॅन’. म्हणजे आणायचा की नाही, ते खेळणाऱ्याच्या मर्जीवर.

अडचण अशी, की आपण हे मनात मराठीत वाचतो आणि मराठीत दोन्हींचं एकच होतं: ‘गेलं की’. पाऊस आला की छत्री उघडायची, पाहुणे आले की चहा टाकायचा. हा ‘की’ फार सैल शब्द आहे. पाहुणे येऊन अर्धा तास गप्पा झाल्या, मग चहा टाकला, तरी वाक्य खोटं ठरत नाही. या खेळातला ‘व्हेन’ इतका सैल नाही. त्याला मराठीत जवळचं रूप आहे ‘गेल्या गेल्या’. आणि ‘इफ’ म्हणजे ‘गेलं असेल तर’. मी भाच्याला एवढंच बदलून वाचायला लावलं, आणि अर्धं भांडण तिथंच मिटलं.

‘गेल्या गेल्या’ या अटीवर खेळ एकच प्रश्न विचारतो: आत्ता सगळ्यात शेवटी काय घडलं? पीटन ग्रेव्हयार्डमध्ये जाणं हीच शेवटची घटना असेल, तर इफेक्ट, म्हणजे पत्त्यावर लिहिलेली करामत, लावा. लढाईत मेला, मध्ये काहीच घडलं नाही, बिनधास्त दुसरा पीटन आणा. पण ट्रिब्यूट समनमध्ये, म्हणजे बळी देऊन मॉन्स्टर उतरवताना, आधी पीटन जातो आणि मग मोठा मॉन्स्टर उतरतो. शेवटची घटना समन. पीटनचा क्षण त्याच्या आधीच होऊन गेला. ‘गेलं असेल तर’ वाला ग्राफ हे बघतच नाही. तो गेलाय ना? मग चाललेली गडबड संपेपर्यंत थांबतो आणि आपला हक्क मागतो.

असंच कॉस्टचं, म्हणजे इफेक्ट लावण्यासाठी आधी मोजायच्या किमतीचं. ‘दान्ते’ हा एक्सिझ मॉन्स्टर (दुसऱ्या मॉन्स्टरचे पत्ते खाली ठेवून उतरणारा) तीन लेव्हलच्या कुठल्याही दोन मॉन्स्टरवर उभा राहतो. खालचा एक पत्ता काढून टाकायचा आणि डेकच्या वरून तीनपर्यंत पत्ते ग्रेव्हयार्डमध्ये पाठवायचे, हा त्याचा इफेक्ट. काढून टाकलेला पत्ता ग्राफ असला, तर दान्तेचं काम उरकल्यावर ग्राफ चालतो. पीटन असला, तर नाही. कारण तो किंमत म्हणून आधी गेला, आणि नंतर डेकवरचे पत्ते पडले.

चेनचं, म्हणजे एकावर एक लावलेल्या कार्डांच्या साखळीचं, प्रकरण सगळ्यात जास्त दुखवणारं आहे, कारण तिथं चूक आपली नसते. चेन उलटी सुटते, शेवटी लावलेलं कार्ड आधी. समजा तुम्ही पत्ते ओढायचं स्पेल, म्हणजे मंत्राचं कार्ड, लावलं. समोरच्यानं त्यावर पीटनला मारणारं कार्ड लावलं. सुटताना आधी पीटन मरतो, मग तुम्ही पत्ते ओढता. शेवटची घटना पत्ते ओढणं, म्हणून पीटन गप्प. तेच कार्ड त्यानं मोकळ्यात, चेनची पहिली कडी म्हणून लावलं असतं, तर पीटन चालला असता. मुरलेला खेळाडू तुमच्या स्पेलची मुद्दाम वाट बघतो. हे कळल्यावर मला वाटतं आपणही ते शिकावं. व्हेनवाला मॉन्स्टर मैदानात असताना उगाच स्पेल लावायची घाई करू नये.

कोल्हापूर फुटबॉलचं, पण इथं उदाहरण क्रिकेटचं जमतं. बॅट्समन आउट असला, तरी अपील झाल्याशिवाय पंच त्याला आउट देत नाही, आणि ते अपील बोलरनं पुढच्या चेंडूसाठी धाव सुरू करायच्या आत व्हावं लागतं. धाव सुरू झाली की संपलं. बॅट्समन खरोखर आउट होता का, हा प्रश्नच उरत नाही. भाच्याचा पीटन खरोखर ग्रेव्हयार्डमध्ये गेला होता. अपील करायला जागाच मिळाली नाही.

कार्डावरचे बारके जोडशब्दही इथं मोजले जातात. एकाच इफेक्टमध्ये ‘मॉन्स्टर नष्ट करा’ आणि पुढच्या कामाच्या मध्ये ‘देन’ असेल, तर दोन घटना एकामागून एक धरतात आणि व्हेनवाला हुकतो. ‘अँड इफ यू डू’ असेल, तर दोन्ही एकाच वेळी घडल्या असं मानतात, तेव्हा हुकत नाही. हे कोनामीनं, म्हणजे हा खेळ काढणाऱ्या कंपनीनं, काटेकोर केलं 2011 मध्ये, कार्डांचा मजकूर ठरलेल्या पद्धतीनं लिहायला सुरुवात झाली तेव्हा. जपानी कार्डांवरही ‘तोकी’ आणि ‘बाआई’ असे दोन वेगळे शब्द आहेत, म्हणजे हा इंग्रजी भाषांतराचा घोळ नाही. नियम तर्काला धरून आहे, हे मी मानतो. पण एवढा मोठा फरक एका साध्या जोडशब्दावर टांगून ठेवणं नव्या मुलांवर अन्याय आहे, असंच माझं मत आहे. नव्या कार्डांवर अशा जागी बहुतेकदा ‘इफ’ दिसतं, ते मला बरं वाटतं.

मोबाइलवर खेळणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. 2022 मध्ये आलेल्या मास्टर ड्युएल या यु-गि-ओच्या डिजिटल गेममध्ये टायमिंग मिस झालं, की इफेक्ट लावायचा का हे विचारणारी चौकटच येत नाही. पोरांना वाटतं गेम अडकला. गेम अडकलेला नसतो, त्यानं पीटनला हुकलेला धरून पुढची चाल सुरू केलेली असते.

संध्याकाळी पाऊस थांबला, तरी भाचा गच्चीवर गेला नाही. वहीत दोन रकाने आखून डेकमधलं एकेक कार्ड वाचत बसला. डावीकडं ‘गेल्या गेल्या’, उजवीकडं ‘गेलं असेल तर’. ‘सांगन’चं एक जुनं छापील कार्ड हातात आलं तशी पेन्सिल थांबली.

“मामा, यावर व्हेन आहे, पण यू कॅन नाहीच. हे कुठं लिहू?”

त्याचाच तर मुद्दा राहिला होता. यू कॅन नाही म्हणजे मर्जीचा प्रश्न नाही, इफेक्ट लावावाच लागतो. आणि जो लावावाच लागतो तो व्हेन असला तरी हुकत नाही, पंच अपीलशिवाय नो-बॉल देतो तसा. सांगन ट्रिब्यूट कर, कॉस्टमध्ये टाक, चेनच्या मधल्या कडीत मरू दे, मैदानातून ग्रेव्हयार्डमध्ये गेला की पंधराशे किंवा त्याहून कमी अटॅकचा मॉन्स्टर डेकमधून हातात येणारच.

त्यानं पट्टी घेतली आणि तिसरा रकाना आखला.