अ‍ॅक्वा तोफाना

अ‍ॅक्वा तोफाना : सतराव्या शतकात सिसिली व रोममध्ये चोरून विकले जाणारे सोमलयुक्त (आर्सेनिकयुक्त) द्रव विष. विरघळलेल्या सोमलाला रंग नाही, वास नाही, चवही जवळजवळ नाही. त्यामुळे अन्नात किंवा वाइनमध्ये मिसळले तरी ओळखू येत नसे. उलट्या, पोटात आग, न शमणारी तहान आणि हळूहळू खंगत जाणे ही लक्षणे एखाद्या दुखण्यासारखीच दिसत. बारीच्या संत निकोलसचे पवित्र द्रव्य म्हणून ते बाटल्यांतून विकले जाई, म्हणजे देवघरात ठेवले तरी कुणाला वावगे वाटू नये.

विषाचे मूळ सिसिलीतील पालेर्मो शहरात सापडते. तेथे तोफानिया द'आदामो हिला १६३३ मध्ये देहदंड झाला. विषाला नाव तिचेच. पुढे जूलिया तोफाना या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्त्रीने हा धंदा रोमला आणला. तिने छळाखाली सहाशे खुनांची कबुली दिली, ही अजूनही सांगितली जाणारी कथा टिकणारी नाही: जूलिया १६५१ च्या सुमारास, मोठ्या खटल्याच्या आधीच वारली होती. धंदा चालवत होती तिची सावत्र मुलगी जिरोनिमा स्पाना. पोप सातवा अलेक्झांडर याच्या कारकिर्दीत तिच्यावर व तिच्या साथीदारणींवर खटला चालला आणि जुलै १६५९ मध्ये काम्पो दे फिओरी चौकात पाच स्त्रियांना फाशी देण्यात आले. संशय चेरी (Ceri) या जहागिरीच्या डचेसपर्यंत, म्हणजे एका बड्या उमराव स्त्रीपर्यंत गेला होता. तिच्यावर मात्र खटला झाला नाही.

एका राक्षसी बाईची दंतकथा रंगवताना गिऱ्हाइके विसरली जातात, आणि प्रकरणाचा गाभा तिथेच आहे. कॅथलिक विवाह मोडता येत नसे. मारझोड करणाऱ्या नवऱ्यापासून वेगळे होण्याची परवानगी मिळवणे गरीब स्त्रीच्या आवाक्याबाहेर होते. वैधव्य मिळाले तरच सुटका. बाटली ओळखीच्या बायकांच्या हातून, कुजबुजत पोहोचे आणि गुपित राखणाऱ्या सगळ्याच तितक्याच अडकलेल्या असत.

विषाची धास्ती पुढेही टिकली. आपल्यालाही हेच देण्यात आले, असे संगीतकार मोझार्टला १७९१ मधील अखेरच्या आजारात वाटत होते, हे त्याच्या पत्नीने पुढे सांगितले. त्याला दुजोरा देणारा पुरावा नाही. शवातील सोमल खात्रीने दाखवणारी चाचणी इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ जेम्स मार्श यांनी १८३६ मध्ये प्रसिद्ध केली. रोमच्या खटल्यात ती सोय नव्हती. तेथे मुख्य भिस्त आरोपी बायकांच्या जबान्यांवर होती.