विहिरीला नियम, बोअरच्या गाडीला मोकळीक: महाराष्ट्रातील भूजल कायद्यांची पार्श्वभूमी

विहीर कुठे घ्यायची, सार्वजनिक पाणवठ्यापासून किती लांब घ्यायची, किती खोल न्यायची, याबद्दल महाराष्ट्रात १९९० नंतर दोन स्वतंत्र कायदे झाले. दोन्ही कायद्यांचा रोख मुख्यतः विहीरमालकावर, म्हणजे शेतकऱ्यावर आहे. जो गाडी घेऊन गावात येतो, रात्रभर मशीन चालवतो आणि फुटाच्या हिशेबाने पैसे घेऊन सकाळी पुढच्या गावाला निघून जातो, तो कायद्याच्या नजरेत फार उशिरा आला. एवढा उशीर का झाला, हे कळायला थोडे मागे जावे लागते.

सुरुवात इंग्लंडमधली आहे. १८४३ साली ‘अ‍ॅक्टन विरुद्ध ब्लंडेल’ या खटल्यात एकाच्या खाणकामामुळे दुसऱ्याची विहीर आटली होती. न्यायालयाने नुकसानभरपाई नाकारली. जमिनीखालचे पाणी जमिनीबरोबरच येते, मालकाने त्याचे काय करावे हा त्याचा प्रश्न, असा त्या निकालाचा अर्थ. हाच विचार १८८२ च्या भारतीय सुखाधिकार कायद्यात, म्हणजे शेजारच्या जमिनीबाबतच्या हक्कांच्या कायद्यात, उतरला. ठरावीक प्रवाहातून न वाहणारे जमिनीखालचे पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा आणि वापरण्याचा हक्क जमीनमालकाला मिळाला. हा कायदा १८९१ मध्ये मुंबई इलाख्याला लागू झाला. त्याआधीच, १८७९ मध्ये, मुंबई पाटबंधारे कायदा आला होता, पण त्याचा विषय कालवा. थोडक्यात, कालव्याचे पाणी सरकारचे आणि विहिरीचे पाणी शेतकऱ्याचे अशी वाटणी तेव्हाच होऊन गेली. १९७६ च्या महाराष्ट्र पाटबंधारे कायद्यानेही ती फारशी हलवली नाही.

ही वाटणी दीर्घकाळ खपून गेली, कारण उपशाला माणसाच्या आणि बैलाच्या ताकदीची मर्यादा होती. मोटेवर दिवसभर दोन बैल राबले तरी ठरावीकच पाणी निघते. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग काळ्या बेसाल्ट खडकावर आहे. या खडकात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात, मुरमात आणि भेगांमध्ये. त्याखाली कातळ लागला की पहार, सुरुंग आणि मजुरी या तिन्हींचा खर्च परवडेनासा होई आणि विहीर तिथेच थांबे. खोलीवरचे नियंत्रण निसर्गाकडे होते. कायद्याला ते काम करावे लागत नव्हते. डिझेल इंजिन आणि विजेचा पंप आल्यावर उपसा वाढला, तरी विहीर होती तेवढीच खोल राहिली.

दुष्काळाने आणलेले यंत्र

ही मर्यादा मोडली ती पिण्याच्या पाण्यासाठी. १९७२ च्या दुष्काळात गावोगावच्या विहिरींनी तळ गाठला. त्याच काळात कठीण खडक फोडत खाली जाणारी, हवेच्या दाबावर चालणारी यंत्रे सरकारी ताफ्यात आली. युनिसेफचा त्यात मोठा वाटा होता. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली तीही १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला. विंधन विहिरीवर बसवायचा टिकाऊ हातपंपही इथल्याच अनुभवातून घडला. जालना आणि सोलापूर येथे आधी बनलेल्या पंपांचा धागा पुढे ‘इंडिया मार्क टू’ पर्यंत जातो, आणि तो पंप जगभर गेला. या सगळ्याचे श्रेय कमी लेखायचे कारण नाही. हातपंपाने हजारो गावे तगली.

सरकारी बोअरला एक शिस्त होती. भूवैज्ञानिक जागा ठरवायचा, किती फुटांवर मुरूम संपला, कुठे कातळ लागला, कुठे पाझर मिळाला, किती पाणी निघाले, याची नोंद व्हायची. तेच यंत्र खासगी हातात गेले आणि ही शिस्त मागे राहिली. तमिळनाडूतील नामक्कल जिल्ह्यातले तिरुचेंगोडे हे गाव बोअरच्या गाड्यांचे आगार म्हणून देशभर प्रसिद्ध झाले. तिथल्या गाड्या आंध्र, कर्नाटक ओलांडून मराठवाड्यात आणि विदर्भात पोहोचल्या. दुष्काळी वर्षात रस्त्याच्या कडेला तमिळनाडूच्या पाटीच्या गाड्यांची रांग दिसणे ही मराठवाड्यातल्या कुणालाही नवी गोष्ट नाही.

या धंद्याचा व्यवहार कसा चालतो, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण पुढचे सगळे कायदे इथेच अडखळले. आधी पाणाड्या येतो. नारळ किंवा डहाळी घेऊन शेतात फिरतो आणि जागा दाखवतो. मग एजंट गाडी ठरवतो. गाड्या दोन असतात, एकीवर मशीन आणि दुसरीवर कॉम्प्रेसर. वरचा माती-मुरमाचा थर ढासळू नये म्हणून केसिंग पाइप टाकला जातो, त्याचा दर वेगळा. पुढे कातळात फुटामागे ठरलेला दर, आणि खोल गेले की तो टप्प्याटप्प्याने चढतो. भोकातून राखाडी भुकटी उडत राहते. भुकटी ओली झाली, चिखल बाहेर आला, की बघ्यांमध्ये जीव येतो. नाही आला, तर गाडीवाला विचारतो, ‘अजून पन्नास फूट मारू का?’ एवढा खर्च झालाय तर आणखी पन्नास, असे म्हणत शेतकरी मान डोलावतो.

इथे धोका पत्करतो तो एकटा शेतकरी. बोअर कोरडा गेला तरी गाडीवाल्याचे पैसे पूर्ण द्यावे लागतात. उलट जितके खोल, तितकी त्याची कमाई जास्त. त्यामुळे ‘इथे थांबा, खाली काही नाही’ असे सांगण्यात त्याचा काहीच फायदा नसतो. मी हा दोष कुणा एका गाडीवाल्याच्या हेतूवर ढकलणार नाही. दर आकारण्याची पद्धतच तशी आहे. पण उपशावर लगाम घालू पाहणाऱ्या कायद्याने सर्वात आधी पाहायला हवे होते ते या पद्धतीकडे, आणि तिकडेच सर्वात शेवटी पाहिले गेले.

कर्जाचा लगाम आणि १९९३ चा कायदा

पहिला लगाम कायद्याचा नव्हता, बँकेचा होता. भूजल यंत्रणा उपसा आणि पुनर्भरण (जमिनीत नव्याने मुरणारे पाणी) यांचा ताळा मांडून पाणलोट क्षेत्रांची वर्गवारी करी. पांढरे, करडे आणि काळे अशी ती नावे रूढ झाली. काळ्या क्षेत्रात नव्या विहिरीला संस्थात्मक कर्ज मिळणे अवघड होते, आणि दोन विहिरींमध्ये किती अंतर हवे याचेही नाबार्डचे निकष होते. विहीर कर्जावर अवलंबून होती तोवर हे बऱ्यापैकी चालले. बोअर मात्र उसनवारीवर, सोने गहाण टाकून, आडत्याकडून उचल घेऊन एका रात्रीत होतो. बँकेचा दरवाजा बंद असला तरी गाडी येतेच.

केंद्र सरकारने भूजल नियमनाचा नमुना मसुदा १९७० मध्येच राज्यांकडे पाठवला होता आणि पुढे १९९२, १९९६, २००५ मध्ये तो सुधारून पुन्हा पाठवला. पाणी हा राज्यांचा विषय असल्याने मसुदा स्वीकारायचा की नाही हे राज्यांनीच ठरवायचे होते, आणि बहुतेकांनी तो बासनात ठेवला. विजेचे दर, ऊस आणि विहीर यांना हात लावणे कोणत्याच सरकारला सोपे नव्हते.

महाराष्ट्राने १९९३ मध्ये जो कायदा केला, त्याच्या नावातच त्याची कक्षा आहे: पिण्याच्या पाण्याच्या प्रयोजनासाठी भूजलाचे विनियमन. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेता येणार नाही, टंचाई क्षेत्र जाहीर झाल्यावर जिल्हाधिकारी आसपासचा उपसा रोखू शकतील, अतिशोषित पाणलोटात नव्या विहिरींना बंदी घालता येईल, असे त्याचे स्वरूप. शेतीच्या पाण्याला हात न लावता नळयोजना वाचवायची, हा मध्यममार्ग होता. त्या काळाच्या राजकारणात कदाचित एवढेच शक्य होते.

अंमलबजावणी मात्र तक्रारीवर अवलंबून राहिली. गावच्या नळयोजनेच्या विहिरीपासून तीनशे मीटरवर शेजाऱ्याने बोअर घेतला, तर तक्रार करणार कोण? ग्रामसेवकाला त्याच गावात राहायचे असते, सरपंचाला निवडून यायचे असते. तहसीलदारापर्यंत कागद जाईतो गाडी दोन तालुके पुढे गेलेली असते. आणि गाडीवर कारवाई करायला गाडीची नोंद कुठे होती? १९९३ च्या कायद्यात तशी नोंदणीच नव्हती.

शेजारच्या आंध्र प्रदेशाने २००२ च्या पाणी, जमीन आणि वृक्ष कायद्यात बोअरच्या यंत्रांची नोंदणी सक्तीची केली. ही कल्पना तेव्हाच आपल्याकडे उचलता आली असती. विहिरी मोजायच्या तर लाखो, त्याही शेताशेतांत विखुरलेल्या. यंत्रे त्या मानाने मूठभर, ट्रकवर बसवलेली, नंबरप्लेट असलेली, मोठा आवाज करणारी. लपवायची म्हटली तरी लपणार नाहीत. पाणी वाचवण्यासाठी एकाच ठिकाणी पहारा बसवायचा तर तो इथे, हे सांगायला भूवैज्ञानिक लागत नाही.

नोंदणी आली, पण वेगळ्या वाटेने

देशपातळीवर गाडीवाल्याला कागदावर आणले ते पाणीबचतीने नाही, अपघातांनी. उघड्या, सोडून दिलेल्या बोअरमध्ये लहान मुले पडल्याच्या घटना वाढल्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सविस्तर निर्देश दिले. बोअर घेण्याआधी किमान १५ दिवस जमीनमालकाने प्रशासनाला लेखी कळवायचे. सरकारी असो वा खासगी, बोअर घेणाऱ्या प्रत्येक संस्थेची जिल्हा प्रशासनाकडे नोंदणी. कामाच्या जागी मालकाचा आणि बोअर घेणाऱ्याचा पत्ता लिहिलेला फलक, भोवती काटेरी तारेचे कुंपण, केसिंगभोवती सिमेंटचा ओटा, तोंडावर पोलादी झाकण. कोरडा गेलेला बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडगोट्यांनी भरून काढायचा. निर्देश चोख होते, पण त्यांचा हेतू जीव वाचवणे हा होता. बोअर किती खोल जावा, त्या पाणलोटात आणखी एक बोअर परवडतो का, हा प्रश्न तिथे नव्हताच.

महाराष्ट्राचा दुसरा कायदा या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. ‘महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम’ असे त्याचे नाव. नावापुढे साल २००९, अधिनियम म्हणून क्रमांक पडला २०१३ मध्ये आणि तो अमलात आला १ जून २०१४ रोजी. एका कायद्याला तीन साले लागावीत, यातच विषयाची अडचण दिसते. २००५ च्या कायद्याने स्थापन झालेल्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाकडेच राज्य भूजल प्राधिकरणाचे काम सोपवण्यात आले. पाणलोट पातळीवर समित्या, विहिरींची नोंदणी, अधिसूचित (भूजल राखण्यासाठी जाहीर केलेल्या) क्षेत्रात पीक आराखडा, अशी त्याची व्याप्ती मोठी आहे. ६० मीटर किंवा त्याहून खोल विहीर ही ‘खोल विहीर’ ठरली आणि अधिसूचित क्षेत्रात तिला मनाई आली. आणि अखेर, बोअरच्या यंत्राचा मालक आणि चालक यांनी नोंदणी करावी, अशी तरतूद राज्याच्या भूजल कायद्यात शिरली.

६० मीटर म्हणजे जेमतेम दोनशे फूट. वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात किंवा लातूर-धाराशिवच्या पट्ट्यात कोणालाही विचारा, दोनशे फुटांवर आता बोअर थांबवतो कोण? कायदा येईपर्यंत तिथले बोअर पाचशे-सातशे फुटांच्या खाली गेले होते. बेसाल्टच्या दृष्टीने ही मर्यादा चुकीची नाही. खालच्या थरांत मिळणारे पाणी फार सावकाश भरते, काही ठिकाणी एकदा संपले की दोन-चार पावसाळ्यांत परत येत नाही. पण तापीच्या गाळाच्या खोऱ्यात, रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात, जमिनीची जातच वेगळी. तिथल्या कूपनलिका पूर्वीपासूनच खोल आहेत, आणि तिथे पाणी खाली गेले आहे ते प्रामुख्याने पिकाच्या तहानेमुळे. एकच आकडा दोन्हीकडे लावला की एका ठिकाणी तो फार उशिरा लागू होतो आणि दुसऱ्या ठिकाणी मुद्दा सोडून लागू होतो.

कायदा नसतानाही हे जमते, याचे उदाहरण म्हणून हिवरे बाजारचे नाव नेहमी पुढे येते. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, हे त्या गावाने ग्रामसभेत ठरवले आणि पाळले. ते खरे आहेच. पण पोपटराव पवारांसारखे नेतृत्व आणि एका वस्तीचा आकार, या दोन गोष्टी सक्तीच्या आदेशाने चाळीस हजार गावांत पसरवता येत नाहीत, हे ते उदाहरण देणारे सोयीस्करपणे विसरतात.

कायद्याखालील नियमांचा मसुदा हरकतींसाठी जाहीर झाला जुलै २०१८ मध्ये. शेतकऱ्याच्या विहिरीवर उपकर लागणार का, कोणते पीक घ्यायचे हे सरकार ठरवणार का, हे दोन प्रश्न शेतकऱ्याच्या खिशाशी थेट जोडलेले, त्यामुळे लोकांचे कान तिकडेच लागले. बोअरच्या गाडीची नोंदणी त्यामानाने कोपऱ्यातले कलम राहिले. डिसेंबर २०१९ मध्ये केंद्राची अटल भूजल योजना आली. महाराष्ट्रासह सात राज्यांत गावाने आपल्या पाण्याचा ताळेबंद मांडावा यावर तिचा भर होता.

ताळेबंद मांडायला बसले की पहिली अडचण येते ती माहितीची. गावच्या शिवारात बोअर किती, किती खोल, कोणत्या थरात पाणी लागले, कोरडे किती गेले? हातपंपाच्या सरकारी बोअरची ही नोंद जुन्या दप्तरात सापडते. खासगी बोअरची माहिती गाडीवाल्याच्या वहीत असते, तीही केवळ बिलापुरती: एकूण फूट, केसिंगचे फूट, रक्कम. नोंदणीच्या अर्जावर गाडीचा नंबर आणि मालकाचा पत्ता घेऊन हे काम होणार नाही. प्रत्येक बोअरनंतर जागा, खोली, थर आणि पाणी यांची चार ओळींची नोंद भूजल यंत्रणेकडे देणे ही परवान्याची अट हवी, आणि कोरड्या बोअरची नोंद तर आधी हवी, कारण शेजारच्या शेतात पुढची गाडी लावणाऱ्याला तीच सर्वात उपयोगाची.