क्रीडांगणांभोवतीची हिरवाई (सोलापूर)

सार्वजनिक मैदाने, स्टेडियम, धावपथ आणि खुल्या व्यायामशाळा यांच्या परिसरात विचारपूर्वक केलेली झाडे, झुडपे व गवत यांची लागवड. तिचा लाभ खेळाडूंइतकाच फेऱ्या मारायला येणारे ज्येष्ठ, पोरांना खेळायला घेऊन आलेले पालक आणि नुसते बघे यांनाही होतो. सोलापूरसारख्या शहरात यात पहिला मान सावलीचा, हिरवळीचा नंतर.

कारण उघड आहे. जिल्ह्यात वर्षाला सरासरी 550 मिमीच्या आसपास पाऊस पडतो, एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांपुढे जातो आणि शहराची मोठी तहान उजनी धरणाच्या पाण्यावर भागते. घरात नळाला रोज पाणी येत नसताना मैदानावर लॉन भिजवत बसणे लोकांना पटत नाही, आणि पटू नयेच. हरळी कमी पाण्यावर तग धरते. उन्हाळ्यात ती पिवळी पडली तर पडू द्यावी. कृत्रिम हिरवळ डोळ्यांना हिरवी दिसली तरी भर उन्हात नैसर्गिक गवतापेक्षा कितीतरी जास्त तापते.

झाडांची निवड हा खरा कळीचा भाग. कडुनिंबाची पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये होते व लगेच कोवळी पालवी फुटते, म्हणजे ऊन चढेपर्यंत झाड पुन्हा दाट होते. करंजही तसाच उपयोगी. गुलमोहर मात्र नेमका सावली हवी तेव्हा विरळ असतो आणि वळिवाच्या वाऱ्यात त्याच्या फांद्या मोडतात; शोभेपलीकडे मैदानाकाठी त्याचे काम नाही. कडुनिंबालाही एक वाईट खोड आहे. पावसाच्या तोंडावर लिंबोळ्यांचा सडा पडतो, त्या पायाखाली चिरडून फरशी निसरडी होते आणि पहाटे फिरणाऱ्यांचा पाय घसरतो. म्हणून झाड वाटेपासून चार पावले आत लावावे.

भुईकोट किल्ल्याजवळचे इंदिरा गांधी स्टेडियम, म्हणजे सोलापूरकरांचे पार्क मैदान, किंवा सिद्धरामेश्वरांच्या गड्डा यात्रेचे होम मैदान अशा जागांचा मधला भाग मोकळाच लागतो. लागवडीला उरतात त्या कडा. त्यातही पश्चिमेची कड आधी धरावी, कारण गर्दी संध्याकाळची असते आणि तिरपे ऊन तिकडूनच येते. झाडाभोवती पार बांधताना बुंध्यापर्यंत सिमेंट ओतले की मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2013 मध्ये दिल्लीतील झाडांबाबत बुंध्याभोवतीचा एक मीटर भाग काँक्रीटमुक्त करण्याचा आदेश दिला होता. तोच नियम इथेही पाळण्याजोगा आहे.

मनःस्वास्थ्याच्या बाजूने सर्वाधिक उल्लेख होतो तो अमेरिकी संशोधक रॉजर उलरिच यांच्या 1984 च्या अभ्यासाचा. शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. व्यायामाशी थेट जोडलेले काम ब्रिटनमधील संशोधक जो बार्टन आणि ज्यूल्स प्रेटी यांचे (2010): हिरव्या परिसरातील अवघ्या पाच मिनिटांच्या हालचालीनेही मनःस्थिती व आत्मसन्मान सुधारल्याचे त्यांना आढळले. मात्र हे निष्कर्ष थंड हवेच्या देशातले. सोलापुरात झाडाचा पहिला उपकार त्याहून साधा आहे: सावली असली की माणूस मैदानावर थांबतो, म्हातारी माणसे पारावर टेकतात, आणि बसायला चार जण असले की मुलींनाही उशिरापर्यंत खेळायला धीर येतो.

पावसाळ्यातल्या वृक्षारोपणाचे फोटो निघतात, पण रोपाची परीक्षा पुढच्या मे महिन्यात असते. किमान तीन उन्हाळे आळे, आच्छादन आणि पाणी यांची जबाबदारी कोणाची, हे खड्डा खणण्याआधी ठरलेले असावे. वाढलेले झाड तोडायचे झाल्यास राज्याच्या 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते.