सांजेची घंटा आणि घरातली तेर्स

माझं माहेर वसईचं, सासर गोव्यातल्या बार्देशातलं. माहेरी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, मराठीत म्हणायचो, इथे ती तेर्स झाली. 'नमान मोरिये, कुर्पेन भरलेले' हे शब्द तोंडात बसायला फार दिवस लागले नाहीत. वाड्यावर सायबिणीची भोंवडी असते, तेव्हा मरियामायेची मूर्ती एकेका घरी एकेक रात्र मुक्काम करते. आमची पाळी आली की सासूबाई सकाळीच ओरातोरची, म्हणजे घरातल्या देव्हाऱ्याची, काच पुसतात, पेटीतला क्रोशाचा रुमाल काढतात, चणे भिजवलेलेच असतात. संध्याकाळी तेर्स, मग व्हायोलिनवर लादाईन, म्हणजे गायची प्रार्थना. शेवटी मुलं मोठ्यांपुढे हात जोडून बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागतात.

श्रद्धेला पुन्हा पालवी कशी फुटेल, असं चर्चच्या बैठकांत विचारलं जातं तेव्हा मला ही संध्याकाळ आठवते. गोव्यात हे काम घराने फार जुन्या काळापासून केलंय.

संत फ्रान्सिस झेवियर 6 मे 1542 रोजी गोव्यात उतरले. रस्त्यातून घंटा वाजवत ते मुलांना गोळा करायचे आणि दोतोर्न, म्हणजे धर्माची शिकवण, शिकवायचे. पुढे दक्षिणेच्या मच्छीमार किनाऱ्यावरून त्यांनी पत्रात लिहिलं की, मुलांनी शिकलेलं घरी जाऊन आईबापांना आणि शेजाऱ्यांना शिकवावं, असा आपला आग्रह असतो. म्हणजे घंटा रस्त्यात वाजली, तरी धडा पोचायचा होता चुलीपर्यंत.

त्या काळाची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. देवळं पाडली गेली, जुने ग्रंथ वाचायला बंदी आली, आणि 1560 साली आलेलं इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय), मधली काही वर्षं सोडली तर, 1812 पर्यंत टिकलं. नवख्रिस्ती माणसाची पुराणं गेली होती आणि त्या जागी वाचायला, गायला आपल्या भाषेतलं काही नव्हतं. ही पोकळी ओळखली ती एका इंग्रज जेझुइटाने, म्हणजे येशूसंघाच्या पाद्रीने. थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आले आणि त्यांचं आयुष्य गोव्यातल्याच साष्टीत गेलं. त्यांचं 'क्रिस्तपुराण' 1616 साली राशोलला छापलं गेलं. लिपी रोमन, भाषा मराठी, छंद ओवी, आणि ओव्या अकरा हजारांच्या आसपास. साध्या माणसालाही कळावं म्हणून त्यांनी मराठीत सोपे कोंकणी शब्द मिसळले. ग्रंथाची सुरुवातच अशी आहे की, एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो, आमच्यासाठी पुराण का नाही? श्रद्धा खोल जायची तर ती माणसाच्या ओळखीच्या चालीतूनच जाते, हे स्टीफन्सना पुरतं उमगलं होतं. मराठी ख्रिस्ती म्हणून या पुस्तकाचं ऋण मला रोज जाणवतं.

1684 साली कोंकणी तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज बोला, असं फर्मान निघालं. घरातली भाषा काही सुटली नाही. पुराणाच्या त्या जुन्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही, पण हस्तलिखितं मंगळूरकडे जपली गेली आणि त्यांवरून 1907 साली तिथे नवी आवृत्ती निघाली.

त्याच काळात साष्टीतल्या बाणावलीत जन्मलेले जोजेफ वाझ घडत होते. 1687 साली ते सिलोनला गेले. तिथे डचांनी कॅथलिक पाद्रींना बंदी केलेली. जाफन्यात ते भिकाऱ्याच्या वेषात, गळ्यात जपमाळ घालून दारोदार फिरले, ती माळ बघून कोणाचे डोळे चमकतात ते पाहत. लपून राहिलेली कॅथलिक कुटुंबं त्यांना अशी सापडली. पाद्री नसतानाही त्या घरांनी श्रद्धा सोडली नव्हती. 14 जानेवारी 2015 रोजी कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत म्हणून घोषित केलं.

पुढे गोंयकार पोटासाठी मुंबईला गेला, बोटीवर चढला. धोबीतलाव, गिरगाव भागात गावागावाच्या कुडी, म्हणजे गावकऱ्यांनी एकत्र राहायच्या जागा, उभ्या राहिल्या. ट्रंकांच्या रांगा, एका टोकाला आल्तार, आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स. घर मागे राहिलेल्या पुरुषांनी घरची शिस्त तिथेही पाळली, याचं मला फार कौतुक वाटतं.

मग दुसरी व्हॅटिकन परिषद आली, 1962 ते 1965. लोकभाषेतल्या उपासनेला वाट मिळाली आणि गोव्याच्या चर्चमध्ये मीस, म्हणजे मिस्सा, कोंकणीत होऊ लागलं. 1964 च्या एका दस्तऐवजात परिषदेने कुटुंबाला घरातली चर्च म्हटलं. आमच्या वाड्यावरच्या म्हाताऱ्यांना हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. 2002 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी जपमाळेत प्रकाशाची रहस्यं (मनन करायचे येशूच्या आयुष्यातले प्रसंग) जोडली, तेव्हा मात्र सासूबाईंनाही नवी पाचही पाठ करावी लागली. ओरातोरच्या दाराला चिकटवलेला तो कागद अजून आहे, कडा पिवळ्या पडल्यात. गुरुवारी नातू त्यावरून वाचून दाखवतो आणि बाकीचे मागून म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सांजेची घंटा झाली की सायबीण निघते. पुढे मेणबत्त्या, मागे तेर्स म्हणणारी माणसं, आणि शेजारच्या फाटकात यजमानीण हातभर फुलं घेऊन उभी.