आधी रेषा, मग रंग: किशोरांच्या चित्रकला वर्गांची पार्श्वभूमी

तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या चित्रकला वर्गात पहिल्या दिवशी टेबलावर बहुधा एक पांढरा ठोकळा मांडलेला असतो. त्यावर एका बाजूने प्रकाश पडतो, मुले आधी बाह्यरेषा आणि मग छाया काढतात, रंगपेटी मात्र बंदच राहते. हा क्रम कोणा एका शिक्षकाने ठरवलेला नाही. तो वेगवेगळ्या काळांतील गरजांतून साचत गेला असून त्यांतील काही गरजांचा चित्रकार घडवण्याशी फारसा संबंधही नव्हता.

मध्ययुगाच्या अखेरीस युरोपात या वयाच्या मुलासाठी वर्ग नव्हता, काम होते. चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराने १४०० च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात शिकाऊ मुलाला वीतभर लांबीरुंदीची लाकडी फळी घ्यायला सांगितले आहे. जाळलेल्या हाडाची बारीक पूड थुंकीत कालवून फळीवर चोळायची आणि ती वाळली की चांदीच्या टोकाने रेघा ओढायच्या. असे वर्षभर गिरवल्यावर सहा वर्षे रंग वाटणे, सरस शिजवणे, फळ्यांना अस्तर लावणे आणि त्यानंतर आणखी सहा वर्षे प्रत्यक्ष रंगकाम, असा तेरा वर्षांचा हिशोब तो मांडतो. मायकेलअँजेलो १४८८ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, चित्रकार गिरलांदायोच्या कार्यशाळेत तीन वर्षांच्या करारावर दाखल झाला तेव्हा करारातील रक्कम गुरूने द्यायची होती. आज फी भरणाऱ्या पालकांना याचे नवल वाटेल.

फ्लॉरेन्समध्ये १५६३ साली आणि पॅरिसमध्ये १६४८ साली अकादमी स्थापन झाल्या, त्यामागे चित्रकला ही कारागिरी नसून विद्या आहे हे ठसवण्याची इच्छा होती. विद्या म्हटले की इयत्ता आल्या: प्रथम छापचित्रांवरून नक्कल, मग प्लास्टरच्या पुतळ्यांवरून अभ्यास आणि शेवटी जिवंत मॉडेल. पुढे निसर्गचित्रांसाठी गाजलेला इंग्रज चित्रकार टर्नर १७८९ मध्ये चौदाव्या वर्षी लंडनच्या रॉयल अकादमीच्या शाळेत शिरला, पण पुतळ्यांपासून मॉडेलपर्यंत पोहोचायला त्याला १७९२ उजाडले. मुलींना तर दारच बंद होते. १८६० मध्ये लॉरा हर्फर्ड यांना प्रवेश मिळाला, तोही त्यांनी चित्रांवर केवळ आद्याक्षरे लिहिल्यामुळे परीक्षकांना स्त्री-पुरुष कळले नाही म्हणून.

चित्रकला सर्वसामान्य किशोरांपर्यंत पोहोचली ती मात्र कारखान्यांमुळे. परदेशी नक्षीकामापुढे आपला माल फिका पडेल या धास्तीने ब्रिटिश सरकारने १८३७ मध्ये लंडनला अभिकल्पाची (डिझाइनची) शाळा काढली. पुढे सरकारी कलाशिक्षणाची सूत्रे सांभाळणाऱ्या हेन्री कोल आणि रिचर्ड रेडग्रेव्ह यांनी २३ टप्प्यांचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आखला, ज्याची सुरुवात पट्टी-कंपासने रेषा आखण्यापासून होत असे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १८७० च्या कायद्याने दहा हजारांहून अधिक वस्तीच्या प्रत्येक गावाला पंधरा वर्षांवरील व्यक्तींसाठी औद्योगिक रेखनाचे मोफत शिक्षण सक्तीचे केले. चुकीला जागा न ठेवणारा, सर्वांचे कागद सारखेच दिसावेत असा आग्रह धरणारा वर्ग मला या काळाचा वारस वाटतो.

त्याविरुद्धचे बंड व्हिएन्नात झाले. तेथील कलाशिक्षक फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ मध्ये सुरू केलेल्या मुलांच्या वर्गात नकलेला थारा नव्हता, मुलाने आतून येईल ते काढावे अशी अपेक्षा होती. परंतु ही उत्स्फूर्तता वयात येताना आटते असेच त्यांचे मत होते आणि त्यामुळे साधारण चौदाव्या वर्षाच्या पुढचा मुलगा त्यांच्या विचारातून जवळजवळ निसटला. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये ती कडी जोडली. या वयात मूल स्वतःच्या चित्राकडे टीकाकाराच्या नजरेने पाहू लागते, हात त्या नजरेला पुरा पडत नाही आणि ते चित्र काढणेच सोडून देते, हे त्यांनी नेमके ओळखले. सोडणाऱ्याला थांबवायचे तर तंत्र शिकवावे लागते, आणि अशा रीतीने ठोकळा टेबलावर परत आला.

नक्कलही परत आली. अमेरिकेतील संशोधक ब्रेंट आणि मार्जरी विल्सन यांनी १९७० च्या दशकात शाळकरी किशोरांना त्यांच्या चित्रांतील आकृत्या कुठून सुचल्या हे विचारले, तेव्हा जवळपास प्रत्येक आकृतीचा माग कॉमिक्स, दूरचित्रवाणी किंवा दुसऱ्या कोणाच्या चित्रापर्यंत लागला. अकादमीत जी छापचित्रे शिक्षक हातात देत, त्यांची जागा आता मुलांनी स्वतः निवडलेल्या, बऱ्याचदा वहीच्या मागच्या पानावर उतरवलेल्या चित्रांनी घेतली होती.