कपाळावरच्या कातड्यापासून गोंदणापर्यंत : स्तनाग्र-पुनर्रचनेची पार्श्वभूमी

पुण्यातील कर्करोग विभागांत स्तन काढलेल्या बाईची केमोथेरपी आणि रेडिएशन संपते, पुनर्रचनेने स्तनाचा उंचवटा तयार झालेला असतो, आणि मग एखाद्या तपासणीच्या शेवटी तिला विचारले जाते की बोंडशी, म्हणजे स्तनाग्र, करून घ्यायची आहे का. प्रश्न इतक्या उशिरा येतो याचे एक कारण वैद्यकीय आहे : उंचवटा स्थिरावायला साधारण तीन ते सहा महिने लागतात आणि तो बसण्याआधी स्तनाग्राची जागा ठरवली तर ती पुढे चुकीची ठरू शकते. दुसरे कारण ऐतिहासिक आहे. स्तनाच्या शस्त्रक्रियेच्या सव्वाशे वर्षांहून मोठ्या इतिहासात या अवयवाचा विचार नेहमीच सर्वांत शेवटी झाला.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील विल्यम हॉलस्टेड यांनी 1894 मध्ये आपल्या पद्धतीचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. तिच्यात स्तन, त्यावरची त्वचा, स्तनाग्र, छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी असे सगळे एकसंध काढले जाई. कर्करोग उगमापासून सलग पसरत जातो, म्हणून जितके अधिक काढावे तितके सुरक्षित, ही त्यामागची धारणा होती. या हिशेबात स्तनाग्राला वाचण्याची संधीच नव्हती, कारण दुधाच्या सर्व नलिका तिथेच येऊन मिळतात. छातीची कातडी फासळ्यांवर ताणून शिवावी लागे. तिथे पुन्हा काही उभारण्याइतके मांसच उरत नसे. पेटी आणि डायसन यांनी 1948 मध्ये मोठा छातीचा स्नायू राखणारी पद्धत मांडली. ह्यूस्टनमध्ये क्रोनिन आणि गेरो यांनी 1962 मध्ये सिलिकोनचे रोपण प्रथम वापरले, आणि हार्टरॅम्प्फ यांनी 1982 मध्ये पोटाच्या स्नायूसह त्वचा व चरबी छातीवर फिरवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. एवढे झाल्यावर छातीवर पुन्हा उंचवटा दिसू लागला, आणि तो दिसू लागल्यावरच त्याच्या टोकाची उणीव जाणवू लागली.

ही उणीव भरून काढणाऱ्या आजच्या बहुतेक पद्धतींचे मूळ तत्त्व मात्र याहून पुष्कळ जुने आहे आणि त्याची एक महत्त्वाची नोंद पुण्याचीच आहे. लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये ऑक्टोबर 1794 मध्ये एक पत्र छापून आले. 1792 च्या युद्धात इंग्रजी फौजेचे बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा शेतकरी टिपूच्या कैदेत सापडला, त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला, आणि वर्षभराहून अधिक काळ नाकावाचून राहिल्यावर पुण्याजवळच्या, विटा घडवणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक बसवले, असा तो मजकूर होता. कृतीचे वर्णन त्यात बारकाईने येते. मेणाचे नाक करून ते कपाळावर सपाट पसरायचे, त्याच्या कडेने रेघ ओढायची, तेवढी कातडी सोडवायची, पण दोन डोळ्यांमधला एक पट्टा तसाच जोडलेला ठेवायचा, म्हणजे रक्त वाहते राहते. मग ती कातडी पिळून खाली वळवायची आणि पाण्यात कालवलेल्या काताने कडा चिकटवायच्या. सुमारे पंचविसाव्या दिवशी तो जोडपट्टा कापायचा. कपाळाऐवजी गालाची कातडी घेऊन नाक करण्याचे वर्णन सुश्रुतसंहितेत पूर्वीच होते, परंतु युरोपीय शस्त्रवैद्यांना जाग आणली ती या पत्राने. जोसेफ कार्प्यू यांनी 1814 मध्ये लंडनमध्ये तीच शस्त्रक्रिया करून पाहिली आणि 1816 मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला.

त्या विटा घडवणाऱ्याचे नाव पत्रात नाही, ही गोष्ट मला नेहमी खटकते. त्याने पाळलेला नियम मात्र आज प्रत्येक प्लास्टिक सर्जन पाळतो : कातडी एका बाजूने जिवंत शरीराला जोडलेली ठेवून बाकीची उचलायची आणि दुमडून तिला हवा तो आकार द्यायचा. अशा जोडलेल्या कातडीला वैद्यकात फ्लॅप म्हणतात.

स्तनाग्रासाठी फ्लॅप स्थिरावण्याआधी दुसऱ्याच वाटा चोखाळल्या गेल्या. अॅडम्स यांनी 1949 मध्ये भगोष्ठांची, म्हणजे योनीच्या ओठांची, त्वचा स्तनाग्रासाठी वापरल्याचे प्रसिद्ध केले. तिचा गडद रंग हा त्यामागचा हेतू होता. पुढे कानाची पाळी आणि पायाच्या बोटाचा गरही वापरून झाला. आधीच एक अवयव गमावलेल्या बाईच्या आणखी एका नाजूक जागी जखम करायची, ही कल्पना आज वाचताना अंगावर येते. ती मागे पडली याचे नवल नाही. मिलर्ड यांनी 1972 मध्ये दुसऱ्या, निरोगी बाजूच्या स्तनाग्राचा काही भाग घेऊन नवे करण्याची पद्धत मांडली. रंग आणि पोत अचूक जुळतो हा तिचा गुण, आणि ज्या स्तनाग्राला काहीच झालेले नाही त्याला हात लावावा लागतो हा तिचा दोष. दुसऱ्या बाजूचे स्तनाग्र पुरेसे मोठे असेल आणि रुग्णाची तयारी असेल तर ती आजही वापरली जाते. त्याच काळात काढलेले स्तनाग्र जांघेच्या कातडीवर तात्पुरते लावून ठेवायचे आणि नंतर परत आणायचे, अशीही पद्धत निघाली होती. अशा रीतीने जपलेल्या स्तनाग्रात कर्करोग आढळल्याचे 1978 मध्ये प्रसिद्ध झाले आणि तिच्यावरचा विश्वास उडाला.

त्यानंतरचा काळ फ्लॅपचा. लिट्ल यांनी 1980 च्या दशकात आणलेल्या फ्लॅपला स्केट माशाचे नाव मिळाले, कारण त्याच्या दोन्ही बाजूंच्या कातडीचे पंख मधल्या चरबीच्या गाभ्याभोवती गुंडाळले जातात. पण खाली उघडी पडलेली जागा झाकायला दुसरीकडची कातडी आणावी लागे. 1990 च्या दशकात ताऱ्यासारखा आणि सी व व्ही या इंग्रजी अक्षरांच्या आकाराचे फ्लॅप आले. त्यांत जागा थेट शिवून बंद करता येते, आणि स्थानिक भूल देऊन काम होत असल्याने बाई त्याच दिवशी घरी जाते.

या सगळ्या पद्धतींना एकाच गोष्टीने छळले आहे : नवे स्तनाग्र कालांतराने खाली बसून चपटे होते. खऱ्या स्तनाग्रात नलिका आणि स्नायूंचे तंतू असतात, त्यामुळे ते आतून तोलले जाते. कातडी आणि चरबीच्या घडीला असा आधार नसतो, व्रण आकसतात, चरबी विरते, कपड्यांचा दाब पडतो, आणि पहिल्या वर्षाच्या आतच निम्मी किंवा त्याहून अधिक उंची गेल्याचे पुष्कळदा दिसते. रोपणावरची ताणलेली, पातळ कातडी किंवा रेडिएशन घेतलेली कातडी असेल तर काम आणखी कठीण होते. म्हणून सर्जन ते मुद्दाम मोठे करतात, मलमपट्टीत मधोमध भोक पाडून त्यावर दाब येऊ देत नाहीत, आणि काही जण आत फासळीच्या कूर्चेचा तुकडा बसवतात. पहिल्या महिन्यात नवे स्तनाग्र फार मोठे दिसते म्हणून घाबरलेल्या बाईला हे कोणी आधी सांगितलेले असावे, एवढी किमान अपेक्षा रास्त आहे.

स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळासाठी, म्हणजे स्तनमंडलासाठी, पूर्वी मांडीच्या आतल्या बाजूची कातडी लावत. आता बहुधा गोंदले जाते. वैद्यकात हा मार्ग 1970 च्या दशकात आला आणि 1980 च्या दशकात रुळला. आपल्याकडे कपाळावर, हनुवटीवर, हातावर गोंदवून घेतलेल्या आज्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना यात नवे काही वाटणार नाही. फरक इतकाच की ते हिरवट गोंदण जन्मभर टिके, आणि त्वचेच्या रंगाचे हे वैद्यकीय गोंदण काही वर्षांत फिके पडून पुन्हा भरावे लागते. अमेरिकेत मेरीलंडचे गोंदणकार विनी मायर्स यांनी छायाप्रकाशाच्या कौशल्याने सपाट कातडीवर उंचवट्याचा भास निर्माण करणाऱ्या गोंदणाला प्रसिद्धी दिली. त्यात शस्त्रक्रियाच नसल्याने रेडिएशन घेतलेल्या कातडीसाठी तो पुष्कळदा सोयीचा मार्ग ठरतो.

दरम्यान प्रश्नच उलटा करणारी एक धारा वाढत होती, ती म्हणजे स्तनाग्र काढायचेच कशाला. फ्रीमन यांनी 1962 मध्ये त्वचा आणि स्तनाग्र राखून आतली ग्रंथी काढण्याची पद्धत मांडली, पण कर्करोग मागे राहील या भीतीने ती प्रतिबंधक, म्हणजे कर्करोग होण्याआधीच तो टाळण्यासाठी केलेल्या, शस्त्रक्रियांपुरतीच राहिली. मेयो क्लिनिकच्या हार्टमन आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये 639 स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील बहुतेकींची शस्त्रक्रिया याच प्रकारची होती आणि कर्करोगाचा धोका सुमारे 90 टक्क्यांनी घटलेला दिसला. त्यानंतर गाठ स्तनाग्रापासून दूर असलेल्या निवडक रुग्णांतही ते राखले जाऊ लागले, अर्थात स्तनाग्रामागच्या पेशी तपासून आणि रक्तपुरवठा तुटून ते काळे पडण्याचा धोका समजावून सांगून.

भारतात 2022 मध्ये स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे 1 लाख 92 हजार नवे रुग्ण असल्याचा जागतिक अंदाज आहे. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत इथे तो साधारण दहा वर्षे आधी होतो आणि अनेकदा गाठ मोठी झाल्यावर कळतो. म्हणजे ज्यांच्यापुढे आयुष्याची बरीच वर्षे आहेत अशांपैकी अनेकींचे स्तनाग्र राखता येत नाही. पुण्यात उपचारासाठी साताऱ्याहून, सोलापूरहून येणाऱ्या बाईच्या दृष्टीने उंचवटा, मग स्तनाग्र, मग गोंदण असे तीन-चार टप्पे म्हणजे तितक्याच फेऱ्या, तितके रजेचे दिवस आणि घरात कोणाला तरी थांबवणे. माझ्या मते पद्धतींच्या बारीक फरकांपेक्षा ही गणितेच निर्णय ठरवतात. चिकटवायचे सिलिकोनचे स्तनाग्र किंवा काहीही न करणे हेही तितकेच रास्त पर्याय आहेत, आणि पुष्कळजणी तेच निवडतात.

एक गोष्ट मात्र वरीलपैकी कोणतीही पुनर्रचना आजवर परत देत नाही. स्तनाग्राची संवेदना मुख्यतः फासळ्यांमधल्या चौथ्या मज्जातंतूच्या शाखेतून येते, आणि ग्रंथी काढताना ती शाखा बहुधा तुटते. म्हणून गोंदणाच्या वेळी अनेकींना सुई जाणवतही नाही. तो तंतू जोडून देण्याचे प्रयत्न अलीकडे काही केंद्रांत सुरू आहेत.